कलघटगीला जायची गाडी

आमच्या हुबळीच्या नवनगरातल्या घरापुढे पत्र्याची एक शेड आहे. ती नव्या गाडीसाठी बांधली. गाडी यायच्या आधी बांधली, एवढं सांगितलं की माझ्या स्वभावाबद्दल फारसं सांगायचं उरत नाही. पहिल्या उन्हाळ्यात त्या शेडच्या पत्र्यावर कुरडया वाळल्या, मग मिरच्या वाळल्या. पावसाळ्यात शेडखाली आमची आणि शेजाऱ्यांची धुणी लोंबत होती, आणि गणपतीच्या सुमाराला एका मांजरीनं तिथं पिल्लं घातली. मांजरीच्या मनात तरी ती जागा नक्की कशासाठी आहे याबद्दल काही शंका नव्हती.

गाडी घ्यायचं ठरलं ते आईसाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला खाली वाकून बसायला मनाई केली होती. आमची जुनी गाडी बुटकी. तिच्यात शिरायचं म्हणजे देवळाच्या लहान दारातून शिरल्यासारखं आधी डोकं, मग अंग, मग एकेक पाय ओढून घ्यायचा. आईला ते जमेना. रिक्षात धक्के बसायचे आणि बसची पायरी तर तिच्या गुडघ्याच्याही वर. त्यामुळे आई घरात अडकली. तशी तिची कुठं जायची हौसही संपली होती. देवाला घरूनच हात जोडते म्हणायची, लग्नाकार्याला अहेर पाठवून द्यायची. जायचं होतं ते एकाच ठिकाणी, कलघटगीला, तिच्या अक्काकडे.

अक्का म्हणजे माझी मोठी मावशी. भावंडांत आता या दोघीच राहिलेल्या. आमच्या घरापासून कलघटगी फार तर तासाभराच्या वाटेवर, पण मधे आजारपणं आली, कोरोना आला, खुबा आला, आणि बघता बघता दोघींची गाठ पडायची थांबली. मावशीला काचबिंदू. डोळ्यांत थेंब घालून घालून जे काही उरलं होतं तेही कडेकडेनं मिटत चाललेलं. हुबळीच्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगून ठेवलं होतं की गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं किती दिवस राहील सांगता येत नाही. व्हिडिओवर दोघी बोलायच्या, पण आई फोन असा धरायची की मावशीला हिचं कपाळ दिसायचं आणि वरचा पंखा. शेवटी एकदा मावशी म्हणाली, "डोळे आहेत तोवर ये गं. नंतर आलीस तर तुझा आवाजच तेवढा भेटंल मला."

आई त्या दिवशी जेवली नाही. मी दुसऱ्या दिवशी शोरूमला गेलो. मी असा तडकाफडकी माणूस आहे, फक्त तडक्यानंतरचं सगळं सावकाश होतं.

पाडव्याला गाडी बुक केली. आमचा पाडवा आणि इथली उगादी एकाच दिवशी, म्हणजे दोन्ही भाषांतले देव साक्षीला होते. त्याच आठवड्यात मी जुनी गाडी विकूनही टाकली. बायको म्हणाली, नवी हातात येऊ द्या की आधी. मी तिला व्यवहार समजावून सांगितला. तीस वर्षं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवतोय, गिऱ्हाईक दारात आलेलं असताना माल अडवून धरायचा नसतो वगैरे. गिऱ्हाईक नेमकं कलघटगीचं निघालं. भाजीचा व्यापारी. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागची सीट उचकटून काढता येईल का एवढंच विचारलं आणि हॉर्न वाजवून बघितला. तो हॉर्न माझी करणी होती. मूळचा बिघडल्यावर ट्रकच्या सामानाच्या दुकानातून एक भोंगा आणून बसवला होता. तो आधी खोकायचा, मग घसा साफ करायचा, आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा. पूर्वी कलघटगीला जायचो तेव्हा वळणावर तो वाजला की मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहायची. व्यापारी खूश झाला. गाडी त्यानं त्या हॉर्नसाठीच घेतली असावी.

आता रंगाचं. मावशीनं फोनवर सांगितलं होतं, लाल घे. बाकी सगळे रंग तिला धुरकट दिसायचे, लाल तेवढा अजून लाल दिसत होता. "लाल असली की वळणावरनंच कळंल मला, तुम्ही आलात म्हणून." यावर काय बोलणार? मी लाल सांगितली. शोरूममधल्या पोरगेल्या सेल्समननं मान डोलावली आणि म्हणाला, लालला मागणी जास्त आहे, थोडं मागंपुढं होईल, पण येईल. "बर्तद्री सर." येतंय हो सर. हे त्याचं वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेत कूस बदलताना मी तेच पुटपुटतो असं बायको सांगायची.

गाडी येईना. आधी म्हणाले, कारखान्यात माल नाही. मग म्हणाले, कसली तरी नखाएवढी चिप आहे, ती परदेशातून यायची आहे, ती आली की सगळं मार्गी लागेल. मी भांड्यांचा माणूस. कुकरची शिट्टी नाही म्हणून कुकर अडून राहिलेला मी बघितलाय, त्यामुळे चिपचं मला पटकन पटलं. आईला समजावायला मात्र जड गेलं. एवढी मोठी गाडी, चाकं आहेत, इंजिन आहे, मग एवढ्याशा तुकड्यावाचून चालत का नाही, हा तिचा प्रश्न. आपल्या खुब्यात बसवलेला तुकडासुद्धा तळहाताएवढाच आहे हे तिच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ती गप्प झाली. मला वाटलं, मी जिंकलो.

संध्याकाळी दुकानातून आलो की चपला काढायच्या आत तिचा प्रश्न यायचा, फोन आला का? रविवारी मावशीचा फोन यायचा, कुठवर आली? जणू गाडी कारखान्यातून चालत निघाली होती आणि वाटेत मुक्काम करत होती. आईही मग तसंच सांगायला लागली. आता निपाणी ओलांडली असंल. आता बेळगावात जेवायला थांबली असंल. दोघी हसायच्या. मी आतल्या खोलीतून ऐकायचो आणि उगीच सेल्समनला फोन लावायचो. तो उचलायचा, हे त्याच्या संस्कारांमुळं. पुढं पुढं उचलेना, ते माझ्या चिकाटीमुळं.

आणि याच दिवसांत आमची जुनी गाडी काय करत होती? तर कलघटगीच्या आठवडी बाजाराला माल वाहत होती. मावशीचं घर बाजारच्या वाटेवरच्या वळणाला. एका रविवारी मावशी आईला म्हणाली, "परवा तुमची गाडी आली गं दारावरनं. हॉर्न ऐकला आणि मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले. सूनबाई म्हणाली, आत्याबाई, ती कोबी आहे."

आई खूप हसली. फोन ठेवल्यावर बराच वेळ पदर तोंडाशी धरून बसली होती, तेही हसण्यामुळंच असेल असं मी धरून चाललो.

बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं. उंच गाड्या भाड्यानं मिळतात, गल्लीच्या तोंडाशी दोन उभ्याच असतात, सकाळी निघायचं, जेवून दुपारी परत. मी म्हणालो, आठ-पंधरा दिवसांवर आलीय आपली, कशाला उगीच दुसऱ्याच्या गाडीत? ती पुन्हा महिन्यानं म्हणाली. मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तिनं मला न विचारता सरळ आईला विचारलं, तर आई माझ्या बाजूची निघाली. अक्काला सांगितलंय, लाल गाडीतनं येते, आता भाड्याच्या पांढऱ्या गाडीतनं उतरू? बायकोनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "खुबा एकीचा मोडला," ती म्हणाली, "पण ताठपणा दोघांचा शाबूत आहे." आणि ती भाजी निवडायला निघून गेली.

श्रावणात सेल्समनचा आपणहून फोन आला. कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं, पांढरी गाडी हजर होती, परवा न्या म्हणाला. मी नको म्हणालो. यात मला अजूनही माझी चूक दिसत नाही. लाल दिसतं म्हणणाऱ्या बाईसमोर पांढरी गाडी नेऊन काय उभी करायची? असं मी स्वतःला सांगतो आणि बहुतेक वेळा ते मला पटतं.

पुढचं मात्र पटत नाही.

लाल गाडी आली. गणपती उठले आणि चार दिवसांत सेल्समनचा फोन, सर, बंद्‌बिट्‌त. आली एकदाची. मी दुकान नोकरावर सोडून गेलो. गोदामात उभी होती, सीटवर प्लास्टिक, काचेवर खडूनं कसलेसे आकडे. मी दार उघडून बसलो. आईच्या बाजूनं बसून बघितलं, फार न वाकता उतरता येतं का ते बघितलं. येत होतं. लाल रंग तर असा की अंधाऱ्या गोदामातसुद्धा नजरेला चटका बसावा. सेल्समन म्हणाला, आज पैसे भरा, उद्या घेऊन जा.

आणि तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "पितृपंधरवडा चाललाय हो. पंधरवडा जाऊ दे, घटस्थापनेला नेतो."

आता हे कोण बोललं बघा. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच्या मागनं जाणारा मी. दुकानात लिंबू-मिरची टांगायला येणाऱ्या माणसाशी हुज्जत घालणारा मी. शेजारच्या कापडदुकानवाल्याला मुहूर्तावरून वर्षानुवर्षं टोमणे मारणारा मी. पण आई त्या गाडीत बसणार होती. ऑपरेशन झालेली, सत्तरीच्या पुढची, आणि वाट घाटाची नसली तरी रस्ता तो रस्ताच. मनात एवढीशी पाल चुकचुकली आणि सगळा पुरोगामीपणा त्या प्लास्टिकच्या सीटवर घरंगळत गेला. पक्षात नवीन वस्तू घरात आणत नाहीत. आमच्याकडे साधी झाडणीसुद्धा आणत नाहीत, आणि मला स्वतःला हे चांगलं ठाऊक, कारण पंधरवड्यात माझ्या दुकानात चमचा खपत नाही.

सेल्समननं समजावलं. लाल गाड्यांसाठी लोक रांगेत आहेत, आज पैसे भरले नाहीत तर कंपनी ही पुढच्याला देते, त्याच्या हातात नसतं. पैसे तरी भरून ठेवा, गाडी मग न्या. मी म्हणालो, पैसे देणं म्हणजे घेणंच की. आणि वर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, आपण काय आजचे ओळखीचे आहोत का, ठेव बाजूला. हुबळीच्या बाजारात असं ठेवतात. मी स्वतः लग्नाच्या भांड्यांचे संच महिना महिना बाजूला ठेवलेत, नुसत्या शब्दावर. गाडीचं दुकानही दुकानच, असा माझा समज.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, शहाण्यासारखं केलंस. ती एवढंच म्हणाली, "पंधरा दिवस जातील ना रे अक्काचे?" म्हणजे डोळ्यांचे. मी म्हणालो, पंधरा दिवसांनी काय होतंय.

घटस्थापनेच्या सकाळी हार, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबं असं सगळं पिशवीत घेऊन शोरूमला गेलो, तर गोदामात त्या जागी दुसऱ्या कुणाची तरी राखाडी गाडी. सेल्समन माझ्याकडे न बघता म्हणाला, सर, सांगितलं होतं. भांडायला मी तोंड उघडलं, पण त्यानं खरंच सांगितलं होतं. परत येताना लिंबं पिशवीत आपटत होती. घरी बायकोनं त्या लिंबांचं लोणचं घातलं. ते वर्षभर पानात येत राहिलं आणि मी ते निमूटपणे खाल्लं.

पुढच्या लाल गाडीचं नाव कुणी घेईना. दिवाळी गेली. दिवाळीत मावशीचा फोन आला नाही, सुनेचा आला. आत्याबाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणाली. पणत्या लावल्या तेव्हा विचारत होत्या, कुठल्या बाजूला लावल्यात? आईनं फोन माझ्या हातात दिला आणि ती आपल्या खोलीत जाऊन पडली. मी फोन कानाला धरून उभा होतो, पलीकडे सून हॅलो हॅलो करत होती.

थंडी पडल्यावर गाडी आली. पांढरी. कुठलाही रंग चालेल असं मीच शेवटी सांगून आलो होतो. मुहूर्त बघितला नाही, हारही नेला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही कलघटगीला गेलो.

आई पुढच्या सीटवर सरळ बसली, वाकावं लागलं नाही, धक्का लागला नाही. गाडी इतकी सुरेख की इंजिन चालू आहे की नाही तेच कळेना. हिचं कौतुक करावं तर कुणाजवळ? आई खिडकीबाहेर ऊस बघत होती. मावशीच्या दारात गाडी थांबवली, उतरलो, दार लावलं, तरी घरातून कुणी बाहेर येईना. मावशी दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. आमच्याच दिशेला तोंड करून. तिनं काही ऐकलंच नव्हतं.

आई काठी टेकत गेली आणि तिच्या समोर उभी राहिली. "अक्का," म्हणाली. मावशीनं हात पुढं केला, आधी काठीला लागला, मग आईच्या हाताला, मग वर चेहऱ्यापर्यंत. गाल, नाक, कपाळ असं सगळं तिनं हातानं बघून घेतलं. "बारीक झालीस की गं," म्हणाली. मग, केस पिकले का? आई म्हणाली, थोडे. आईचे सगळे पिकलेत.

मला राहवेना. मी आपला अपराध्यासारखा सांगत सुटलो, लाल आली होती मावशी, पण पंधरवड्यात आली, पितरांचे दिवस म्हणून मी थांबलो. मावशी आईचा हात धरूनच माझ्या आवाजाकडे वळली. रागानं नाही, समजून घ्यावं म्हणून विचारावं तसं तिनं विचारलं, "पितर कोण रे? आमचे आईबापच ना? ते कशाला अडवतील आम्हाला भेटायला?"

मी पाणी मागितलं.

जेवणं झाली. दोघी बहिणी पुढच्या सोप्यात खुर्च्या टाकून हातात हात घेऊन बसल्या होत्या. बाजारचा दिवस होता. वळणावर आमची जुनी गाडी आली, खोकली, घसा साफ केला आणि ओरडली. मावशी एकदम ताठ झाली. आईचा हात बाजूला सारून खुर्चीचे हात चाचपत उठू लागली. "आली वाटतं गं. बघ, आली."

"बस अक्का," आई म्हणाली. "मी इथं आहे."

मावशी बसली. "होय की," म्हणाली. "तू आलीस नाही का." पण तिचा कान बाहेरच होता, गाडी पार बाजाराकडे जाईपर्यंत.

येताना वाटेत मीच ठरवलं की याचा काहीतरी बंदोबस्त केला पाहिजे. माझे बंदोबस्त तुम्हाला आता माहीत झालेत. पुढच्या बाजारच्या दिवशी एकटाच गेलो, त्या भाजीवाल्याला गाठलं आणि म्हणालो, त्या वळणावर हॉर्न वाजवू नका, आमची मावशी उगीच उठते, एखाद्या दिवशी पडेल. भला माणूस. नाही वाजवणार म्हणाला, वर चार कणसं दिली.

त्यानंतरचे काही रविवार मावशीचा फोन आला, पण बोलणं दोन वाक्यांत संपायचं. आईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही गं. हल्ली तुमची गाडी येत नाही दारावरनं. आधी निदान तेवढं तरी व्हायचं."

आईनं फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मी काही कबूल करायच्या आत तिला कळलेलं होतं. पांढऱ्या गाडीतून आम्ही मधे दोनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा मी विचारलं तर म्हणाली, काय जाऊ? मी समोर बसलेली असते आणि ती माझी वाट बघत असते.

मग मी पुन्हा त्या भाजीवाल्याकडे गेलो. तो कोथिंबिरीवर पाणी मारत होता. मी म्हणालो, वाजवत जा हॉर्न. तो ओला हात गाडीच्या टपावर टेकवून माझ्याकडे बघत राहिला.

"अण्णा, ठरवा एकदा," म्हणाला. "वाजवू की नको?"

वाजवा म्हणालो. त्या वळणावर जरा जास्तच वाजवा.

आता दर बाजारच्या दिवशी दुपारी मावशी उंबऱ्यापर्यंत जाते. सून तिच्या दंडाला धरून मागं उभी राहते, पडू नये म्हणून. रविवारी ती आईला सांगते, आली होती गं गाडी, थांबली नाही. आई म्हणते, गडबडीत असंल. माझी पांढरी गाडी शेडमध्ये उभी असते. मांजरीनं दुसरी जागा बघितली.